अपघात की घातपात? 'न्यूक्लियर सिक्युरिटी'ला मराठी शब्द

प्रश्न असा आहे: 'न्यूक्लियर सिक्युरिटी'त करिअर करा, असे सांगणारे भित्तिपत्रक महाविद्यालयासाठी मराठीत करायचे आहे. 'आण्विक सुरक्षा' लिहिले तर कुणाला हेल्मेट-हातमोजे आठवतात, कुणाला फाटकावरचा रक्षक. मग नेमका शब्द कोणता?

अडचण खरी आहे, कारण आपली 'सुरक्षा' दोन्हीकडे राबते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल पहारा देते. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखान्यांतले अपघात टाळण्याचे काम पाहते. 'औद्योगिक सुरक्षा' ही जोडी तीच, अर्थ मात्र निराळा. स्पॅनिशमध्येही 'सेगुरिदाद' असा एकच शब्द असल्याने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला पुढे विशेषण जोडून फरक करावा लागतो.

तो फरक मराठीत रोज छापून येतो: 'अपघात की घातपात?' यंत्र बिघडले, झडप अडकली, माणूस चुकला, तर तो अपघात. तो टाळणे म्हणजे सेफ्टी. कुणी हेतुपुरस्सर चोरी, तोडफोड, घुसखोरी किंवा तस्करी केली, तर ती रोखणे, वेळीच ओळखणे आणि तिला तोंड देणे म्हणजे सिक्युरिटी. म्हणून माझी शिफारस: सेफ्टीला 'अणुसुरक्षितता', सिक्युरिटीला 'अणुसुरक्षा'. बोलताना शेवटचा 'ता' कानाला निसटतो, तेव्हा 'अणुसुरक्षा'खाली 'चोरी, घातपात आणि तस्करीविरुद्ध' ही ओळ हवीच. 'अणुसंरक्षण' नको; संरक्षण खात्यामुळे मन थेट अण्वस्त्रांकडे जाते.   सेफगार्ड्‌स हे तिसरेच काम: नागरी वापराचे साहित्य शस्त्रांकडे वळले नाही ना, याची तपासणी. त्याला 'पडताळणी' पुरे.

शब्द वेगळे हवेत, कारण कामे कधी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. सुरक्षितता म्हणते, संकटकाळी बाहेर पडायचे दार सहज उघडले पाहिजे. सुरक्षा म्हणते, त्याच दाराने कुणी साहित्य बाहेर नेता कामा नये. एक म्हणते, किरणोत्सारी साहित्य नेणाऱ्या गाडीवर किरणोत्साराचे चिन्ह ठळक लावा. दुसरी म्हणते, गाडीचा मार्ग आणि वेळ गुप्त ठेवा. दोन्ही बाजू समजून दाराची, गाडीची रचना ठरवणारा माणूस या क्षेत्राला हवा असतो.

प्रत्यक्ष कामासाठी मराठीत तीन सुरेख शब्द तयार आहेत: सुगावा (घुसखोर आल्याचे कळणे), अटकाव (त्याला उशीर लावणे), प्रतिकार (तुकडीने येऊन त्याला रोखणे). क्रम महत्त्वाचा. समजा, घुसखोराला कुंपणापासून कोठारातल्या साहित्यापर्यंत १२ मिनिटे लागतात आणि सशस्त्र तुकडी इशाऱ्यानंतर ८ मिनिटांत पोहोचते. कुंपणावरच सुगावा लागला तर ४ मिनिटे हाताशी उरतात. कोठाराच्या दारापाशी, म्हणजे ९ मिनिटांनी लागला, तर उरलेल्या ३ मिनिटांत तुकडी येऊच शकत नाही. सुगाव्याआधीचा अटकाव हिशेबात धरता येत नाही. नवखे इथेच चुकतात आणि भिंती जाड करत बसतात. दुसरी चूक खोट्या इशाऱ्यांची. वारा, कुत्री, वाढलेले गवत यांनी संवेदक सारखा वाजू लागला की पहारेकरी त्याकडे दुर्लक्ष करतात. म्हणून इशारा वाजताच ती जागा कॅमेऱ्यात दिसली पाहिजे.

'इनसायडर' म्हणजे तर आपला 'घरभेदी'. त्याच्याकडे किल्ली, ओळखपत्र आणि माहिती तिन्ही असतात, म्हणून नाजूक ठिकाणी एकट्याला जाऊ न देता दोघांची जोडी ठेवतात आणि साहित्याचा ताळेबंद वजनासह मांडतात. त्या साहित्यात २ किलो किंवा त्याहून जास्त प्लुटोनियम राखणीच्या सर्वोच्च वर्गात मोडते.

भित्तिपत्रकावर फक्त अणुभट्टीचे चित्र टाकू नका. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानियात ओस पडलेल्या दवाखान्यातून भंगारासाठी उपचारयंत्राचा भाग उचलला गेला. आतल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ मुळे ४ जण दगावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ते द्रव्य आढळले. परिणाम अपघाताचा, पण मूळ राखणीतल्या त्रुटीत होते. किरणोत्सारी साहित्य वापरणारी रुग्णालये आणि वेल्डिंग तपासणारे उद्योगही या क्षेत्रात येतात ते यामुळेच.

तेव्हा भित्तिपत्रकावर असे लिहा: 'अणुसुरक्षा: चोरी, घातपात आणि तस्करीविरुद्ध. भौतिकी, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, कायदा, मानसशास्त्र शिकणाऱ्यांसाठी.' मानसशास्त्र गाळू नका, घरभेदी ओळखायला तेच लागते. खाली वाटा द्या: अभियंते आणि विज्ञान पदव्युत्तरांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचे एक वर्षाचे प्रशिक्षण, हरयाणातील जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्राची अणुसुरक्षा शाखा, आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची, २०२० मध्ये सुरू झालेली मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती. अर्ज इंग्रजीत भरायचा असल्याने कंसाऐवजी तळाशी 'न्यूक्लियर सिक्युरिटी' हे शब्द इंग्रजी अक्षरांत एकदा द्या. शोधताना मुलांना तेच लागतील.