आधी मेंढवाड्यावर जा

प्रिय मित्रा,

आदिमानवाच्या टोळीनं लांडगा कसा माणसाळवला, यावरची तुझी पटकथा वाचली. शेवटच्या पानाखाली तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, ‘सगळ्या प्रकारच्या माणसांना जागा द्यायची तर इतिहासाला मुरड घालावी लागेल का?’ या पत्रात त्याचंच उत्तर देतो.

मुळीच नाही. उलट आत्ता तू इतिहास म्हणून जे लिहिलं आहेस, ते इतर सिनेमांतून आलंय. टोळीचा नायक गोरापान, शिकारीला फक्त पुरुष, बायका शेकोटीपाशी, आणि लांडगा बर्फातला, झुपकेदार. पुरावे वेगळंच सांगतात. इंग्लंडमधल्या चेडरच्या गुहेत १९०३ साली सापडलेला माणूस सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. त्याच्या डीएनएवरून २०१८ मध्ये कळलं की त्याची कातडी बहुधा चांगलीच काळीसावळी होती. थंड इंग्लंडात ही गत, तर आपल्या दख्खनच्या उन्हातला तुझा नायक गोरा कसा? पेरूमध्ये ९,००० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात शिकारीच्या हत्यारांसोबत तरुण मुलगी पुरलेली सापडली, हे २०२० साली प्रसिद्ध झालं. बाईच्या हातात भाला दिलास तर कुणावर उपकार करत नाहीस.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जर्मनीतल्या ओबरकासेलबद्दल. बॉनजवळच्या त्या खाणीत १९१४ साली एक पुरुष, एक बाई आणि सोबत कुत्र्याचं पिल्लू पुरलेलं सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. पिल्लाच्या दातांवरच्या खुणांवरून दिसतं की ते कितीतरी आठवडे गंभीर आजारी होतं. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं, उबेत ठेवलं, घाण पुसली असणार. तुझा नायक लांडग्याला झुंजीत हरवून माणसाळवतो, ते मला पटत नाही. तुझ्या पटकथेतला लंगडा म्हातारा दुसऱ्या पानावर मरतो. त्याला जगव. टोळी शिकारीला गेली की मागे उरतो तो, एखादी गरोदर बाई, दोन पोरं. लांडग्याचं पिल्लू यांच्याच हातात लहानाचं मोठं होऊ दे. मग वेगवेगळी माणसं कथेत मुद्दाम घुसवावी लागणार नाहीत, कथाच त्यांची होईल.

लांडगाही आपलाच घे. आपला लांडगा अंगाने सडपातळ, लांब पायांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा असतो आणि माळावर राहतो. त्याला ओळखणारी माणसं येवला-नांदगावकडे मेंढरं घेऊन फिरतात. तू धनगर पोरांना गर्दीत उभं करणार आहेस आणि प्रमुख भूमिका शहरातल्या नाट्यमंडळींना, तीही चेहऱ्याला काळं फासून. हे करू नकोस. मेंढवाड्यावर जाऊन बस. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, कशी लावतात ते बघ, कोकरू गेल्यावर घरातली बाई काय बोलते ते ऐक. लांडगा जवळ आला की मेंढरं कशी वागतात हे तुला त्यांनीच सांगायला हवं. त्यांना पटकथा वाचून दाखव, चुका काढू दे, मानधन दे, आणि त्यांच्यातलाच कुणी नायक झाला तर बिचकू नकोस.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांना १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमातल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके उभे राहिले. पण फाळके तिथेच थांबले नाहीत. नाशिकला आल्यावर पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. तुला तर माणसं शोधायला फक्त येवल्यापर्यंत जायचंय.

खरा लांडगा पकडून आणायचा विचार मनातही आणू नकोस. कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि त्याला सेटवर बांधणं मला सहन होणार नाही. माळावर लांबून जेवढं मिळेल तेवढं चित्रीत कर, बाकी संगणकावर.

नवा मसुदा झाला की आधी मेंढवाड्यावर वाच, मग मला पाठव.

तुझा,
काका


नाशिक