आमच्या कॉलनीला लागून वावरात नवीन ले-आऊट पडतोय. रहिवासी हरकत घेऊ शकतात का?

तुमच्या प्रश्नात तीन काळज्या आहेत: पावसाचं पाणी कुठे जाणार, नव्या प्लॉटवाल्यांची सगळी रहदारी तुमच्या रस्त्यावरून होणार, आणि नळाला आधीच दिवसाआड सोडा, आठवड्याने पाणी येत असताना आणखी घरांची भर. तुम्ही धुळ्यात वलवाडीकडचे, मी देवपुरातला. आमच्या मागे असाच ले-आऊट पडला तेव्हा कॉलनीच्या वतीने कागदपत्रं मी बघत होतो, त्यावरून सांगतो.

हरकत घेता येते, पण ‘इथे घरंच नकोत’ ही हरकत टिकत नाही. आधी विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा. हिरव्या पट्ट्यातली, म्हणजे शेती झोनमधली, जमीन रहिवासी करायची असेल, तर नगररचना कायद्याच्या (1966) कलम 37 खाली जाहीर सूचना निघते आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत महिन्याचीच असते, आणि सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते. जमीन आधीच रहिवासी झोनमध्ये असेल तर ही वाट बंद. ले-आऊट मंजूर करण्यापूर्वी शेजाऱ्यांची सुनावणी घ्यावी असं बंधन नाही. ‘एनएला (बिनशेती परवानगीला) अडवू’ म्हणणारे कॉलनीत एकदोन भेटतातच. पण आराखड्यात रहिवास दाखवलेल्या जमिनीला 2017 पासून, जमीन महसूल संहितेत कलम 42-ब आल्यावर, वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही.

मग उरतो ले-आऊटचा नकाशा, आणि खरी लढाई तिथेच असते. त्यातही नाला.

आपल्याकडची काळी माती पाणी पटकन पिऊन घेत नाही. वावर होतं तोवर बांध, सऱ्या आणि कडेचा नाला मिळून ते पाणी सांभाळत होते. ले-आऊटवाला मुरूम टाकून जमीन दोनतीन फूट उचलतो, नाल्यात सिमेंटचे पाइप टाकून वरून रस्ता काढतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी जुन्या, खाली राहिलेल्या कॉलनीत शिरतं. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा. जुन्या मोजणीचा नकाशा असल्याने नाला त्यात दिसतो, मग आज तो झुडपांनी बुजलेला का असेना. आमच्याकडे बिल्डरच्या नकाशात नालाच नव्हता. नुसती बारीक रेघ होती, गटार म्हणून. गावनकाशा जोडून लेखी अर्ज दिला, तेव्हा सुधारित नकाशात नाल्याची पट्टी मोकळी सुटली. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रंही बघता येतात, तीही अर्जाला जोडा. आणि एक प्रश्न लेखी विचारा: भराव टाकल्यावर नव्या रस्त्याची लेव्हल आमच्या रस्त्यापेक्षा किती वर असेल?

रस्त्याची तक्रार मला स्वतःला फारशी पटत नाही. मंजूर ले-आऊटमधला रस्ता सार्वजनिक धरला जातो. गेट लावून तो अडवता येत नाही. शिवाय आपली कॉलनी तरी कुठे आभाळातून पडली? तीही कुणाच्या तरी वावरातच बसली. आमच्या शेजारचे शेतकरी आबा एका बैठकीत सरळ म्हणाले, ‘आमनं वावर शे, आमी इकसूत, तुमनं काय जास?’ म्हणजे वावर आमचं, आम्ही विकू, तुमचं काय जातं? त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. तेव्हा रस्ता अडवण्यापेक्षा दुसरी बाजूही डीपी रोडला (विकास आराखड्यातल्या रस्त्याला) जोडून मागा, म्हणजे खडीचे डंपर सगळे तुमच्या दारावरून जाणार नाहीत.

पाण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर मंजुरी थांबेल अशी आशा धरू नका. 2018 च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, अवधानसारखी गावं शहरात आली, पण हद्द वाढली म्हणून जलवाहिनीही दारात येते असं नाही. पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारा, की या प्लॉटना जोडणी कोणत्या टाकीवरून देणार. उत्तर फाइलला लागलेलं बरं.

ओपन स्पेस विसरू नका. 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. ती कुठे सुटते ते बघा. विकायला न जमणारा तिरपा तुकडाच बहुधा ओपन स्पेस होतो.

नकाशा मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे प्लॉट विकायचे तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि नोंदणी झाली की मंजूर नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. आधी तिथे शोधा.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. रस्ते, गटारी, खांब आणि मोजणी झाल्यावर अंतिम. या दोन मंजुऱ्यांमधल्या काळात तुमच्या अर्जाला वजन असतं, कारण अंतिम सही होईपर्यंत बिल्डरला कामं दाखवावी लागतात. गटार अर्धवट असेल तर फोटो काढा, तारीख टाका, नगररचना विभागात आवक शिक्का मारून घ्या. अंतिम मंजुरी झाली, प्लॉट विकले गेले, की बिल्डर पुढच्या शिवारात गेलेला असतो आणि गटारीसाठी नगरसेवकाच्या मागे तुम्हीच फिरता.

मोर्चा काढायचा का, असंही विचारलंय. काढा हवं तर, पण अर्जाची पोच हातात आल्यावर.