अर्धा किलो माती घेऊन ये

सुदामा नगर, इंदूर
नवतप्याचा (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला) तिसरा दिवस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. उत्तर फोनवर लिहायचं तर माझा अंगठा दुखतो, म्हणून कागद घेतला. तुझी आई गुरुवारी भजनाला येते, तिच्या हाती देईन.

तू शेती शिकवणाऱ्या तीन कोर्सच्या लिंका पाठवल्यास आणि विचारलंस, काकू, यातला कुठला करू? आणि खाली, अगदी शेवटी, हळूच विचारलंस की नोकरी सोडू का. खरा प्रश्न तो शेवटचा आहे, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. त्याचं उत्तर आधी देते: आत्ता नको. पावसाळा, हिवाळा आणि पुढचा उन्हाळा, असं एक पूर्ण चक्र नोकरीत राहून काढ. आणि ते तीन कोर्सही आत्ता नकोत. शिकायचं नाही असं नव्हे. पण तुझ्याकडे अजून विचारायला काही नाही, आणि प्रश्न नसलेला माणूस वर्गात बसला की दुसऱ्याच्या शेताची उत्तरं वहीत उतरवून घरी येतो.

मी तेच केलं होतं. काकांच्या निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी गच्चीवरच्या शेतीचं दोन दिवसांचं शिबिर केलं. चहा-नाश्ता छान, फोल्डर छान, शेवटी सर्टिफिकेट. शिकवणारे बाहेरून आले होते, त्यांच्या गावचा उन्हाळा सौम्य. त्यांनी सांगितलं तशी मी एप्रिलमध्ये काळ्या ग्रो बॅगांत टोमॅटोची रोपं लावली. आपल्या सिमेंटच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. पस्तीस अंशांच्या वर टोमॅटोची फुलं गळायला लागतात, फळ धरत नाही, हे मला फुलं झाडून काढताना कळलं. शेजारच्या कुंडीत कुणी न लावलेली गिलकी मात्र मजेत वेलीवर चढत होती. आपल्या गच्चीला आपली गच्चीच शिकवते, हा काय तो त्या सर्टिफिकेटचा फायदा. ते अजून कपाटात आहे, वर्तमानपत्राखाली.

तर सुरुवात तुझ्या तीन बिघ्यांपासून कर. हातोदकडची ती जमीन तुझ्या बाबांनी अधबटाईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं कसायला, दिली आहे. तुमच्यापैकी कुणी तिथे वर्षातून किती वेळा जातं? हिशेबाच्या दिवशी, बरोबर? या आठवड्यात जा. शेत रिकामं आहे, जमीन भेगाळली आहे, मातीचा नमुना घ्यायला याहून चांगला काळ नाही.

नमुना कसा घ्यायचा ते नीट लिहिते, कारण इथे मी एकदा सपाटून आपटले आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या. वरचा काडीकचरा बाजूला करून सहा इंच खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाड खाप काढायची. सगळ्या जागांची माती स्वच्छ पोत्यावर एकत्र करून गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सावलीत वाळवायची. खताची जुनी गोणी अजिबात वापरू नकोस, तिच्यात उरलेला कण सगळा अहवाल बिघडवतो. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्यापाशी, जिथे गुरं बांधतात तिथे नमुना घ्यायचा नाही. मी माझ्या सिमरोलच्या शेतीच्या तुकड्यात पहिल्या वर्षी कडुनिंबाखालची माती घेतली, सावली होती म्हणून! तिथे आधीच्या माणसाची म्हैस बांधलेली असायची. सेंद्रिय कर्ब (मातीचा कस सांगणारा आकडा) इतका छान निघाला की मी त्या वर्षी शेणखतच घातलं नाही. मेथी वीतभरही झाली नाही.

तुझे बाबा म्हणतील, मृदा आरोग्य कार्ड आहे की आपल्याकडे. २०१५ मध्ये ती योजना आली आणि कार्डावर बारा गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, सामू (म्हणजे पीएच) वगैरे. पण कार्डाच्या पहिल्या फेऱ्यांत नमुना प्रत्येक शेताचा नव्हता, चौकटीचा होता. बागायतीत अडीच हेक्टरांना एक, कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक. म्हणजे तुमच्या कार्डावरची माती शेजाऱ्याच्या शेतातलीही असू शकते. आपली आपण तपासून घे.

ही माती आणि हा अहवाल हातात आला की मग खंडवा रोडवर कस्तूरबाग्रामला जा. तिथलं कृषी विज्ञान केंद्र कस्तूरबा ट्रस्टच्या आवारात आहे. देशातलं पहिलं असं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं, आता सातशेच्या वर आहेत, आणि तरी शहरातल्या माणसाला वाटतं तिथे फक्त मोठ्या शेतकऱ्यांचं काम. तसं नाही. त्यांचं कामच मुळी विद्यापीठातली गोष्ट शेतकऱ्याच्या शेतात लावून बघण्याचं. बहुतेक प्रशिक्षणांना पैसे पडत नाहीत. पण नुसतं "मला शेती शिकायची आहे" म्हणून गेलीस तर हातात एक पत्रक देतील, त्यांचाही दोष नाही. "माझा कर्ब इतका, जस्त इतकं, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत, आणि मला हिवाळ्यात लसूण लावायचा आहे" असं म्हणालीस की खुर्ची पुढे सरकवतात. हे मी पाहिलं आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा पत्रक मिळालं, दुसऱ्यांदा अर्धा तास.

त्याच रस्त्यावर सोयाबीनची राष्ट्रीय संस्था आहे, १९८७ ची. खरिपात ते दर आठवड्याला हिंदीत सल्ला काढतात, तो वाचत जा. तुझा बटाईदार सोयाबीनच घेणार. त्याला शिकवायला जाऊ नकोस. त्याच्याबरोबर बसून दोनच गोष्टी कर. एक, बियाण्याची उगवण घरी तपासा: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याभरात किती मोडावले ते मोजायचे. सत्तरच्या खाली असतील तर ते बियाणं नको. दुसरं, शंभर मिलिमीटर म्हणजे चार इंच पाऊस होईपर्यंत पेरणी नाही. पहिल्या सरीला घाई करून दुबार पेरणीची वेळ आलेली घरं मी चिकार पाहिली आहेत. पाऊस मोजायला सरळ भिंतींचा डबा आणि पट्टी पुरते. तुझी नोंद आणि त्याचा अंदाज यांची रोज तुलना करा. त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येईल, आणि तुला हळूहळू कळेल की तो काय बघून बोलतो.

हे "काय बघून" कुठल्याच कोर्समध्ये नसतं. सिमरोलला माझ्या शेजारी भाजी लावणारे एक भाऊसाहेब होते. (भाऊसाहेब मीच म्हणायचे, गाव त्यांना दुसऱ्याच नावानं हाक मारायचं.) त्यांना मी म्हटलं, मला शिकवा. ते काही बोलले नाहीत. पालकाच्या वाफ्यात बसवलं आणि निंदायला लावलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी ओळखू यायला लागलं की कुठल्या कोपऱ्यात पाणी थांबतं, कारण तिथे तण वेगळं होतं. मग त्यांनी मातीचं ढेकूळ माझ्या मुठीत दिलं आणि म्हणाले, दाबा. चिकटलं. "अजून नाही." दोन दिवसांनी पुन्हा. या वेळी मूठ उघडली तर ढेकूळ आपसूक फुटलं. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी ओल, हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता, त्याचा अर्थ त्या दिवशी तळहाताला कळला. तुझ्या हातोदच्या माणसाकडे असं किती असेल, आणि तुम्ही त्याच्याकडून फक्त पोती मोजून घेता.

आता गच्ची. ती तीन बिघ्यांपेक्षा लहान असली तरी चुका महाग पडतात, कारण खाली लोक राहतात. दहा फूट बाय चार फुटांचा, फूटभर खोल वाफा काळ्या मातीनं भरलास आणि पाऊस पडला, तर पावणेदोन-दोन टन वजन होतं. विजय नगरातल्या तुमच्या इमारतीचं वय काय, बिल्डरनं काय केलंय, देव जाणे. म्हणून भिंतीच्या आणि बीमच्या वर, हलक्या मिश्रणाच्या कुंड्या. आणि व्हिडिओत बघून जीवामृताचे, म्हणजे शेण-गोमूत्राच्या द्रावणाचे, मोठे ड्रम भरू नकोस. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांमुळे ते सगळीकडे पोचलं, चांगलंच झालं. पण ते माप एकराचं आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. तुझी गच्ची पाचशे चौरस फूट धर. हिशेब कर, एकराचे ४३,५६० फूट. तुला लागतं जेमतेम सव्वादोन लिटर. मी दोनशे लिटरचा ड्रम केला होता. शेजारच्या काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

ओला कचरा मात्र गाडीत टाकू नकोस. देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला, त्याला तुझ्या बटाट्याच्या सालींची गरज नाही. आणि खत करायचं तर इंदूरइतकं योग्य गाव नाही. १९२४ मध्ये होळकरांच्या राज्यात इथे वनस्पती उद्योग संस्था निघाली. तिथे इंग्रज शास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरलेल्या दिवशी तीनदा उलटून, तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. गांधीजी १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इथे आले तेव्हा ते खत बघायला गेले होते. त्याच जागेवर आजचं कृषी महाविद्यालय आहे, तुझ्या ऑफिसपासून अर्ध्या तासावर. साहेब म्हणून आलेल्या त्या हॉवर्डनी पुढे लिहून ठेवलं की आपले खरे प्राध्यापक हिंदुस्थानातले शेतकरी आणि पिकांवरची कीड. आणि आपल्या गावातली पोरं कंपोस्ट शिकायला परगावी पैसे भरतात. असो.

पैसे देऊन शिकण्यासारखंही काही आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं सेंद्रिय शेतीचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र नोकरी सांभाळून होतं, पण पुढच्या वर्षी, शेताच्या नोंदींची तुझी वही भरल्यावर. अ‍ॅग्री-क्लिनिकचं, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारं केंद्र काढायचं, पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षण कृषी पदवीधरांसाठी आहे, तू बी.कॉम., त्यामुळे त्या लिंकेवर वेळ घालवू नकोस. हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना शेतीच्या, वर्गाला जायचंच असेल तर शिकवणाऱ्याला एकच विचार: तुमचं घर भाजी विकून चालतं की वर्ग घेऊन? एकानं मला हसून खरं उत्तर दिलं होतं. मी फी वाचवली.

विकण्याचं शिक्षण चोइथराम मंडीत, आपल्या घाऊक भाजीबाजारात. भल्या पहाटे जा, काही न विकता. एकाच कांद्याचे तीन ढीग कसे होतात आणि तिन्हींचा भाव कसा पडतो, एवढंच बघून ये. दोन-तीनदा गेलीस की हिवाळ्यात लसूण लावावा की कांदा या प्रश्नाला वेगळंच वळण लागेल.

एक गोष्ट अजून आहे आणि ती मला सगळ्यात प्रिय. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक, त्यांनी शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला. प्रत्येकानं आपल्या तुकड्यात प्रयोग करायचा आणि बाकीच्यांना कळवायचा, फसला तरी. त्यावरून आम्ही सुदामा नगरातल्या सात बायकांनी भिशी लावली आहे. पैशांऐवजी बी. जिच्या घरी भिशी तिनं आपल्या गच्चीवरची एक मेलेली कुंडी दाखवायची आणि का मेली ते सांगायचं. पोहे नंतर. आधी सगळ्या जणी फक्त फुललेल्या कुंड्या दाखवायच्या, त्यात कुणी काही शिकलं नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राची पीजीएस नावाची सरकारी पद्धतही साधारण अशीच चालते, किमान पाच शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेतं तपासायची. पुढेमागे हातोदला चार शेजारी मिळाले तर बघ. दुसऱ्याच्या शेतात दोष शोधायला गेलं की आपला आपोआप दिसतो.

अडलीस आणि कुणी नसेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा. फुकट आहे. पानाचा रंग, डाग वर आहे की खाली, कधीपासून, हे आधी लिहून मग फोन लाव.

वही शंभर पानी घे, साधी. तारीख, पाऊस, काय लावलं, काय मेलं, किती खर्च. फोनमध्ये नको, मातीच्या हातानं फोन उघडत नाही.

शनिवारी हातोदला जा, रविवारी सकाळी माझ्याकडे ये. वाळायला घातलेली अर्धा किलो माती बरोबर आण, आपण चिठ्ठी लिहून सोमवारी प्रयोगशाळेत देऊ. खुरपी माझ्याकडे दोन आहेत. हिवाळ्यात सराफ्यातल्या खाऊगल्लीत तू ज्याच्यासाठी रांगेत उभी राहतेस त्या गराडूचे चार कंद तुझ्यासाठी वाळूत पुरून ठेवलेत, त्यांना कोंब आलेत. पहिला चांगला पाऊस झाला की लावायचे, वेलाला दोरी लागेल, ती तू आण.

तुझी
काकू