पालक शिजवायचा की कच्चाच खायचा?

प्रश्न : मॅडम, माझ्या सासऱ्यांची मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली. कोलेस्टेरॉल आता कंट्रोलमध्ये आहे पण सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) अजून जास्त येतंय, डॉक्टर म्हणाले आतून सूज आहे. नात्यातल्या एकांनी ल्युटिनच्या कॅप्सूल आणून दिल्यात, त्याने सूज उतरते म्हणे. द्यायच्या का? पालक तर आमच्याकडे आठवड्यातून तीनदा होतो. (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, डॉक्टरांनी सूज म्हटलं ते बरोबरच आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साठली की पांढऱ्या पेशी तिथे घुसतात आणि इंटरल्युकिन-६ सारखे सूज वाढवणारे पदार्थ सोडत राहतात, कोलेस्टेरॉल उतरलं तरी हे चालूच राहू शकतं.

ल्युटिन म्हणजे पालकातला पिवळा रंग, हिरव्याखाली झाकलेला असतो म्हणून दिसत नाही, झेंडूच्या पाकळ्यांत तोच असतो आणि कॅप्सूलही बहुतेक झेंडूपासूनच करतात. स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठात 2017 मध्ये 193 हृदयरुग्ण तपासले तर ज्यांच्या रक्तात ल्युटिन जास्त त्यांच्यात इंटरल्युकिन-६ कमी निघालं, आणि रुग्णांच्या रक्तातल्या पेशींना लॅबमध्ये ल्युटिन दिल्यावर त्यांची सूजही कमी झाली. पण हे पेशींवरचं झालं. कॅप्सूल खाऊन अटॅक टळतो असं यातून सिद्ध होत नाही, म्हणून मी त्या देऊ नका म्हणेन. याच कुळातल्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्यांना दिल्या होत्या, 1994 मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला, त्यामुळे सासरे बिडी-सिगरेट ओढत असतील तर असल्या गोळ्यांपासून लांबच ठेवा.

पालक मात्र जरूर द्या, फक्त करायची पद्धत बदला. आपण पातळ भाजीसाठी कुकरला लावतो, मग घोटतो, परत उकळतो, यात बरंचसं ल्युटिन जातं. लिंशोपिंगच्याच गटाने नंतर पालक शिजवून पाहिला तर जितका जास्त वेळ उकळला तितकं ल्युटिन कमी, आणि कच्चा बारीक करून सोबत दुधा-दह्याचा स्निग्धांश असला तर सगळ्यात चांगलं, कारण ल्युटिन चरबीतच विरघळतं. म्हणजे आपली कोशिंबीरच की! कोवळी पानं दोन-तीन पाण्यात नीट धुवा, अगदी बारीक चिरा, दही, चमचाभर दाण्याचं कूट, वरून जिरं-हिंगाची छोटी फोडणी. मीठ बेताचं.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि ॲस्पिरिन यासाठी अजिबात बंद करायचं नाही. आणि सासऱ्यांना ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालक एकदम वाढवू नका, त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे त्या गोळीचा असर कमी होतो, आधी डॉक्टरांना विचारा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून घ्या.