काका, दारात थांबू नका

"यांना पेसमेकर बसवला आणि कुलूप आमच्या घराला लागलं," काकू म्हणाल्या. काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. चार महिन्यांत मॉल, मेट्रो, देऊळ सगळं बंद. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

झालं होतं असं. मॉलच्या दारात रांग तुंबली आणि काका मेटल डिटेक्टरच्या चौकटीतच अडकले. यंत्र वाजलं, रखवालदार हातातला डिटेक्टर घेऊन छातीपाशी आला. काकांना धडधडलं, घाम फुटला. घरी आल्यावर पुतण्याने मोबाइलवर शोधून दाखवलं: अमेरिकेत 1998 साली नोंदवलेली घटना, पुस्तकाच्या दुकानातल्या चोरी पकडणाऱ्या गेटमुळे एका माणसाला छातीतल्या यंत्राचे झटके बसले.

पेसमेकरवाले बहुतेक जण मला हेच विचारतात: दारातून गेलो तर यंत्र बंद पडेल का? "काही होत नाही हो" म्हणून वाटेला लावणं सोपं असतं. पण पुतण्याने दाखवलेलं खोटं नव्हतं. त्या माणसाचं यंत्र पेसमेकर नव्हतं, ठोके बेफाम झाले की झटका देणारा डिफिब्रिलेटर होता. आणि तो गेटच्या अगदी जवळ उभा राहिला होता. हे दोन्ही तपशील पुतण्याने वाचलेच नव्हते.

काकांना म्हटलं, पेसमेकर हृदयाचे ठोके ऐकत असतो. ठोका आला तर गप्प बसतो, चुकला तर स्वतः देतो. गेटच्या चुंबकीय लहरींमुळे वायरमध्ये बारीक खरखर उठू शकते आणि तो तिलाच ठोका समजतो.

"म्हणजे आमच्या गाडीत एखादं कार्टं दोरी ओढायचं तसं," काका म्हणाले. "ड्रायव्हरला वाटायचं, मीच बेल दिली."

अगदी तसंच. पोराला दोरीपासून लांब केलं की ड्रायव्हर पुन्हा तुमचंच ऐकतो. शिवाय आताच्या यंत्रांना धातूचं कवच आणि फिल्टर असतात. नेहमीच्या चालीने पार झालात तर बहुधा काहीच होत नाही. थांबायचं नाही, टेकायचं नाही, हातातला डिटेक्टर छातीवर धरू द्यायचा नाही.

तरी माझ्या शब्दावर सोडलं नाही; डॉक्टरांकडून यंत्र तपासून घ्यायला लावलं. यंत्रात बिघाड नव्हता. त्या दिवशीचे वाढलेले ठोके हृदयाचे स्वतःचेच होते. घाबरल्याचे.

मला वाटलं, झालं काम. पण काका तरीही बाहेर पडेनात. पेसमेकरचं ओळखपत्र दाखवून हाताने झडती मागायची, एवढंच तर होतं! तिसऱ्या भेटीत ते हळूच म्हणाले, "मॅडम, सवलतीचा पास काढणाऱ्याकडे मी कसा बघायचो, मला ठाऊक आहे. आता ते कार्ड मी काढायचं?"

भीती यंत्राची कमी आणि त्या नजरेची जास्त होती. पुढची दोन सत्रं आम्ही कार्ड काढायचाच सराव केला. मी रखवालदार, काकू मागे रांगेत कुरकुरणाऱ्या.

गेल्या महिन्यात दोघं मेट्रोने आले. "कार्ड दाखवलं," काका म्हणाले. "त्या पोराने नीट बघितलंसुद्धा नाही. मी असतो तर तारीख तपासली असती."

"आणि मग त्याच्याशी गप्पा मारत दारातच उभे," काकू म्हणाल्या. "मीच ओढून पुढे आणलं."