गावच्या तलावात किती पाणी उरलंय ते सॅटेलाईटवरून कळतं का?

तुम्ही विचारलंय की जतकडच्या तुमच्या गावच्या पाझर तलावातलं पाणी घरबसल्या मोजता येईल का. पाणी किती पसरलंय ते कळतं, किती खोल आहे ते नाही कळत, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

मी आटपाडी तालुक्यातला, आमच्या तलावावर तीन वर्षं नजर ठेवून आहे. कोपर्निकस ब्राउझर ही सॅटेलाईटचे फोटो बघायची युरोपची वेबसाइट फुकट आहे, त्यात सेंटिनेल-२ या सॅटेलाईटचे फोटो साधारण पाच दिवसांनी नवे येतात, एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे हेक्टरात १०० ठिपके. त्यात एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी वेगळं दाखवणारा पर्याय, लावा, पाणी इन्फ्रारेड किरण गिळतं म्हणून ते रानापासून वेगळं उठून दिसतं. जलपर्णी माजली असेल तर मात्र तेवढं पाणी रानातच जमा होतं.

मागच्या मार्चमध्ये मला फोटोत दोन हेक्टर पाणी दिसलं आणि मी गावात सांगून बसलो की जनावरांना मेअखेर पुरेल. मग शंका आली म्हणून बांबू घेऊन उतरलो तर पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, आणि खाली बांबू नुसता दाबला तरी हातभर गाळात गेला. ७२ च्या दुष्काळात खोदलेला तलाव, गाळ नीट कधी निघालाच नाही. एक हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर, आता खोली अर्धा मीटर चुकली तर किती फरक पडतो बघा.

म्हणून आम्ही सगळ्यात खोल जागी लोखंडी पाइप रोवला, त्यावर फुटाफुटाला रंगाच्या खुणा केल्या. फोटोच्या तारखेला पाणी कुठल्या खुणेवर आहे ते वहीत लिहायचं, दोन तारखांच्या पसाऱ्याची सरासरी गुणिले उतरलेली उंची, एवढं पाणी गेलं. एक हंगाम असं लिहिलंत की पुढं नुसत्या फोटोवरून बराच अंदाज येतो.

पावसाळ्यात ढगांमुळं हे फोटो कामाचे नसतात, तेव्हा सेंटिनेल-१ या दुसऱ्या सॅटेलाईटचं रडार बघा, ते ढगातून आरपार बघतं. सांगलीच्या महापुरासारख्या वेळी तेच उपयोगी, पण उभ्या उसात शिरलेलं पाणी त्यालाही नीट दिसत नाही.

विहिरीचं मात्र विसरा. जमिनीखालचं पाणी ताडणारी ग्रेस-एफओ ही सॅटेलाईटची जोडी आहे, पण आख्खा सांगली जिल्हा तिच्या एका ठिपक्यात मावतो, विहिरीला दोरी आणि दगडच बरा.

आणि पाइप मे महिन्यातच रोवून घ्या, तळ उघडा असतो तेव्हा.