ऐरणीवरच्या म्हणी : वाचकांचे प्रश्न

कारागिरांच्या म्हणींविषयी आलेल्या पत्रांतली सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. म्हणींचे अर्थ बहुतेकांना ठाऊक आहेत, विचारणा आहे ती त्यांच्यामागच्या कामाची. ते योग्यच आहे. यातल्या बऱ्याच म्हणींत कामाची रीत दडलेली आहे आणि ती कळली की म्हणीचा अर्थही थोडा सरकतो.

प्रश्न : ‘शंभर घाव सोनाराचे, एक घाव लोहाराचा’ या म्हणीतून सोनाराचे काम हलके ठरवले जाते का? मुलांना ही म्हण ‘ताकद श्रेष्ठ’ अशीच शिकवली जाते. – एक शिक्षिका, संगमनेर

नाही. दोघांची धातू वेगळी, म्हणून घाव वेगळे. सोनार सोने थंड असताना ठोकतो. ठोकता ठोकता सोने कडक होत जाते आणि तरीही रेटले तर कडेला चिरा पडतात. म्हणून काही वेळ ठोकायचे, मग अंधूक लाली दिसेपर्यंत तापवून मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. पत्रा हवा तेवढा पातळ होईतो हे चक्र चालते. इथे जोराचा एक घाव म्हणजे नासाडी. पत्रा एका जागी पातळ होतो आणि तिथेच फाटतो. शंभर घाव ही सोनाराची दुर्बलता नव्हे, त्याच्या धातूची गरज आहे.

लोहाराला शंभर घावांची सवड नसते. नारिंगी-पिवळे तापलेले, म्हणजे साधारण १,००० ते १,१०० अंश सेल्सिअसचे लोखंड भट्टीतून काढले की पातळ पात्याला दहा-पंधरा सेकंदच मिळतात. रंग काळपट लाल झाला की हात थांबवायचा. त्यानंतर मारलेल्या घावाने आत बारीक चिरा पडतात. त्या तेव्हा दिसत नाहीत, पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कडक करताना, उघड्या पडतात. उलट तापवण्यात हयगय झाली आणि पोलाद पांढरे होऊन फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडू लागल्या, तर ते जळाले. त्याला इलाज नाही, तेवढा तुकडा छाटून टाकावा लागतो. ‘एक घाव’ म्हणजे घाव कुठे, कोणत्या कोनात, किती जोराने मारायचा हे लोखंड आगीत असतानाच ठरलेले असणे.

जोडीने काम चालते तेव्हा पाहा. मिस्त्री सांडशीत लोखंड धरून लहान हातोडीने जागा दाखवतो, समोरचा माणूस त्याच जागी घण घालतो. घिसाडी कुटुंबांत हा घण कितीदा तरी बाईच्या हातात असतो. हातोडी लोखंडावर न पडता ऐरणीवर टणकन वाजली की घण थांबतो. तोंडाने एक शब्दही बोलावा लागत नाही. वर्गात ही म्हण शिकवताना हे दृश्य जरूर सांगा.

प्रश्न : ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता करून घेतला. पाणी देताना मधोमध चीर गेली. चूक कोणाची? – एक शेतकरी, माळशिरस

बहुधा पाण्याचीच. कमानपाट्याच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या, पोलादात साधारण ०.६ टक्का कार्बन असतो, शिवाय इतर धातूंचीही भर असते. असे पोलाद तेलात थंड करायचे असते. पाण्यात ते इतक्या झपाट्याने आकसते की तडकते. ‘पाणी देणे’ हा शब्द आपल्याकडे असा रुळला आहे की तेल वापरायला सांगितले तरी लोकांना पटत नाही. जुन्या पाट्यात वापरामुळे आधीच बारीक चीर असू शकते, तीही तपासून घ्यावी.

रीत अशी : पाते सगळीकडे सारखे लाल करा. लोहचुंबक चिकटेनासे झाले की किंचित आणखी तापवा आणि कोमट तेलात सरळ उभे बुडवा. आडवे बुडवले तर वाकते. ओतप्रोत भरलेले भांडे नको आणि झाकण हाताशी हवे, कारण तेल पेट घेऊ शकते. या टप्प्यावर पाते काचेसारखे ठिसूळ असते. हातातून पडले तर तुटेल. आता एक बाजू घासून पांढरी करा आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्या. घासलेल्या जागी आधी वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग येतो (सुमारे २३० अंश), मग तांबूस, मग जांभळा, शेवटी निळा (सुमारे ३०० अंश). चाकूला पिवळा पुरतो. उसावर आणि बांधावरच्या झुडपांवर चालणाऱ्या कोयत्याला जांभळ्यापर्यंत नेलेले बरे. धार थोडी लवकर जाईल, पण टवका उडणार नाही.

प्रश्न : रंधा मारताना सागाची फळी उसवते. मिस्त्री म्हणतात, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. खरेच दोष माझाच का? – हौशी सुतारकाम करणारा वाचक, डोंबिवली

म्हण इथे नीट बसत नाही. अंगण वाकडे की सरळ, ते नाचणाऱ्याच्या हातात नसते. हत्यार मात्र कारागिराच्या हातात असते आणि ते नीट ठेवणे हा कामाचाच भाग आहे. वाईट कारागीर हत्यारांना नावे ठेवतो, हे इंग्रजीतून आलेले वचन. त्याचाही अर्थ बोथट हत्याराने काम करावे असा होत नाही. चांगला सुतार हत्याराला नावे ठेवत नाही, कारण तो सकाळी आधी धार लावून मगच फळीला हात लावतो.

तुमच्या फळीकडे वळू. आधी नस, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, पाहा. फळीच्या कडेवर रेषा ज्या दिशेने वर चढतात, त्याच दिशेने रंधा चालवा. उलट चालवला की पाते नसेखाली शिरून तंतू उपटते, आणि यालाच तुम्ही उसवणे म्हणता. काही फळ्यांत नस मध्येच उलटते. तिथे पाते अगदी कमी बाहेर काढून तिरका रंधा मारावा. दुसरे, पात्यावरची टोपी (पात्यावर कसलेली लोखंडी पट्टी) धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणून बसवा. भुसा लगेच वर वळतो आणि तंतू पुढे फाटत नाही.

तिसरी गोष्ट धारेची. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, ते धार खातात. मऊ लाकडावर बराच वेळ टिकणारी धार सागावर लवकर मंदावली तर नवल नाही. पात्याचा उतार २५ अंशांचा आणि टोकाची धार ३० अंशांची ठेवा. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाते घासताना पाठीमागे बोटाला लागेल अशी बारीक लव येईपर्यंत थांबू नका. मग पाते उलटे करून पाठ निसण्यावर पूर्ण सपाट टेकवा आणि ती लव काढा. इथेच बहुतेकांचे चुकते. पाठ जराशी उचलली गेली की धार गोल होते, आणि मग कितीही घासा, पाते लाकडावरून घसरते. धार जमली की नाही, हे फळीच्या आडव्या टोकावर पाहा. मऊ लाकडाच्या टोकावरून चुरा न होता पापुद्रा निघाला तर जमली. आणि मिस्त्रींना नम्रपणे सांगा की आपण अंगण सारवून आलो आहोत.

प्रश्न : ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ प्रत्येक दगड देव होऊ शकतो का? – एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

नाही, आणि पाथरवट ते पहिल्याच टिचकीला ओळखतो. दगडावर हातोडी हलकेच मारली की खणखणीत नाद आला तर तो एकसंध. ‘बद्द’ वाजला तर आत भेग आहे. असा दगड घाव सोसत नाही, ऐन नाकाच्या वेळी तुटतो. म्हणून सोसण्याआधी निवड असते, हे म्हण सांगत नाही.

घावही सगळे सारखे नसतात. ढोबळ काढताना टाकी जास्त उभी, जसजसा आकार जवळ येईल तसतशी तिरकी आणि घाव हलका. शेवटच्या पृष्ठभागाजवळ टाकी उभी धरून जोराने मारली तर दगड आत चेचला जातो आणि तिथे पांढरट ठिपका उमटतो. तो घासून जात नाही, खोलवर असतो. आपला काळा बेसॉल्ट टणक, टाकीचे टोक चटकन बोथट होते, म्हणून दगडाच्या कामाशेजारी लोहाराची भट्टी ओघानेच येते. तुमच्या जवळच वेरूळला आठव्या शतकातले कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले आहे. अख्ख्या डोंगरातून वजा करत जायचे असल्याने चुकून उडालेला भाग परत लावण्याची सोय तिथे नव्हती.

घरचा पाटाही टाकी मागतो. वाटण घसरू लागले, मिरची चेचली जाते पण वाटली जात नाही, असे झाले की समजावे. टाकी लावून आणल्यावर पाटा लगेच वापरू नका. जाडे मीठ किंवा मूठभर तांदूळ दोन-तीनदा वाटून टाकून द्या, धुवा, आणि वाटणात कच उरली नाही हे बोटाने पाहून मगच मसाला घ्या.

प्रश्न : शाडूचा गणपती केला, तिसऱ्या दिवशी सोंड पडली. घरात सगळे म्हणतात, ‘करायला गेलो गणपती, झाले माकड’. – एक वाचक, चिपळूण

सोंड पडली ती हात वाईट म्हणून नव्हे. धड वाळत आल्यावर सोंड लावली असावी. ओला शाडू वाळताना आटतो आणि धड तर आधीच आटलेले असते. दोघांची ओढाताण होऊन सांध्यावर चीर जाते. दोन्ही भाग सारखेच ओलसर, बोट दाबले तर किंचित खळगा पडेल इतके असताना जोडा. सांध्याच्या दोन्ही बाजू काडीने उभ्या-आडव्या खरवडा, शाडू पाण्यात दह्यासारखा कालवून त्याचा लेप लावा आणि किंचित फिरवत दाबा. आत तार घातली असेल तर तीही कारण असेल : माती आटते, तार आटत नाही. नऊ इंचांच्या मूर्तीला तारेची गरज नाही. सोंडेचे टोक पोटावर किंवा मोदकावर टेकवा, भार तिथे जाईल.

पोट भरीव ठेवू नका. बुडाकडून कोरून भिंत सगळीकडे साधारण बोटभर जाड ठेवा. सावलीत, वारा थेट लागणार नाही तिथे वाळवा. पहिले दोन दिवस ओलसर फडके पिळून सोंड, कान आणि हातांवर टाका, कारण पातळ भाग आधी वाळतात.

प्रश्न : ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’. हा दांडा सारखा सैल होतो, म्हणून कुऱ्हाड पाण्यात भिजत ठेवतो. बरोबर आहे का? – एक वाचक, आजरा

नको. लाकूड फुगते, पण लोखंडाच्या भोकात जागा नसल्याने त्याचे तंतू चेचले जातात. वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा सैल होतो. वाळलेल्या बाभळीचा, गाठ नसलेला दांडा घ्या. टोकाकडून पाहिले तर नसा पात्याला समांतर हव्यात, आडव्या असल्या तर दांडा फटकन मोडतो. पाचरही सुक्याच लाकडाची मारा. म्हणीतला गोत म्हणजे झाडांचेच कुळ, आणि बाभूळ तोडायला बाभळीचाच दांडा लागतो.